सरळ ठोकलेला नंबर

सोमवार, ९ फेब्रुवारी

प्रिय भावजी,

नमस्कार. तुम्ही, माझी धाकटी जाऊ आणि मुली बऱ्या असाल असं धरून चालते. धाकटीच्या गुडघ्याचं कानावर आलं. तिला म्हणावं, जिने कमी चढ आणि माझ्यासारखं लंगडत मिरवू नकोस.

पाकिटावरचं अक्षर माझं नाही, वाचनालयातल्या बाईंचं आहे. माझं अक्षर ओळखून तुम्ही पत्र न फोडताच ठेवून द्याल अशी भीती वाटली. लबाडी आहे, कबूल. आता फोडलंच आहे तर वाचा.

माझं बरं चाललंय. ह्यांना जाऊन गेल्या आठवड्यात चौदा महिने झाले. सकाळी अजून दोन कप मांडते, मग एक परत ठेवते. रडत वगैरे नाही, हाताची सवय आहे. वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणते. परवा एक समुद्रावरचं वाचलं, चारशे पानं आणि जमीन एकदाही नाही. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला हे वेड कुठून, असं लोक विचारतात. तुम्हाला ठाऊक आहे कुठून. ह्यांचे डोळे अधू झाले आणि गाड्यांची जाडजूड पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी वाचायची, हे ऐकायचे, आणि तुम्ही गाडीखालून ओरडायचात, "वहिनी, ते पान पुन्हा!"

गॅरेज तुमचा पुतण्या बघतो. मुलगा कामाचा आहे, पण नव्या गाड्यांचा. संगणक लावल्याशिवाय इंजिन त्याच्याशी बोलत नाही. म्हणून तुम्हाला लिहायची वेळ आली.

डॉक्टरांची हिरवी गाडी परत आपल्या गॅरेजात आली आहे. डॉक्टर आता चौऱ्याऐंशीचे झाले. गाडी चालवणं बंद आहे. जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका गृहस्थांना ती हवी आहे, पण त्यांची अट अशी, की कारखान्यातून निघताना जे इंजिन होतं तेच आजही गाडीत असलं पाहिजे. त्यासाठी एक तपासनीस शुक्रवारी, वीस तारखेला येणार आहेत. गाडी तीस वर्षं आपल्याच गॅरेजात येत होती आणि कामाच्या नोंदी मी ठेवायची, म्हणून माझी सही लागणार आहे.

तर एवढंच विचारायचं होतं. इंजिन मूळचं की बदललेलं, हे कसं ओळखतात? नंबर कुठे बघायचा, आणखी काय बघायचं?

तुम्हाला विचारायचा हक्क मला नाही, हे कळतं. पण ह्या घरात आता इंजिनाचं विचारावं असं कोणी उरलं नाही.

धाकटीला आणि मुलींना आशीर्वाद.

तुमची
वहिनी


शनिवार, २१ फेब्रुवारी

प्रिय भावजी,

तुमची चिठ्ठी मंगळवारी मिळाली. वर 'नमस्कार' नाही, खाली सही नाही, आणि ओळी नेहमीसारख्या कागदाच्या उजव्या कोपऱ्याकडे घसरत गेलेल्या. तेवढ्यावरूनही बरं वाटलं. तुम्ही लिहिलंत, "नंबरवर जाऊ नका, नंबर कोणीही ठोकतो. इंजिनाच्या ब्लॉकच्या मागे स्टार्टरच्या वर बघा. ओतताना साच्यातूनच उठलेली अक्षरं असतात. ती खोटी बोलत नाहीत." हे वाक्य मी तीनदा वाचलं.

त्याच दुपारी मुलगा सुटे भाग आणायला गेला तेव्हा मी बॉनेट उघडलं. रॉकेलचं फडकं, दात घासायचा जुना ब्रश आणि बॅटरी. पाऊण तास घासलं. तेलाचा थर निघाला आणि खालून अक्षरं वर आली. पहिलं महिन्याचं, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. मार्च, चौदा, दोन. बासष्ट सालचा मार्च. आणि दाराजवळच्या पत्र्याच्या पाटीवर गाडी तयार झाल्याची तारीख, एकसष्टचा नोव्हेंबर. म्हणजे घर बांधून झालं आणि पायाचे दगड चार महिन्यांनी खाणीतून निघाले.

मी फडकं धुतलं, बॉनेट बंद केलं आणि मुलाला काही बोलले नाही.

काल तपासनीस आले. बारीक माणूस, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. मुलानं त्यांचं नाव लगेच 'भिंगवाले' पाडलं. चहा नको म्हणाले, पाणी नको म्हणाले, सरळ गाडीत शिरले. आधी मागची ओतीव तारीख वाचली. चेहऱ्यावर काही नाही. मग नंबराच्या सपाट जागेवर भिंग धरून इतका वेळ वाकून राहिले, की मुलगा माझ्या कानात म्हणाला, "आई, झोपले वाटतं."

ते झोपले नव्हते. उठले आणि मला म्हणाले, "बाई, इकडे या. काय दिसतं?"

मी म्हटलं, "सात आकडे. गाडीच्या कागदांवरचेच."

"आकडे सोडा. आकड्यांच्या मधली जागा बघा."

"गुळगुळीत आहे."

"तेच. कारखान्यात यंत्रानं ही जागा कापतात तेव्हा लोखंडावर बारीक समांतर रेघा राहतात. इथे एकही नाही. कोणीतरी कानशीनं आधीचा नंबर घालवला, पॉलिश पेपर फिरवला आणि वर हा ठोकला."

मुलगा म्हणाला, "पण किती सफाईनं ठोकलाय! एका रेषेत."

"म्हणूनच तर," भिंगवाले म्हणाले. "मी ह्या गाडीची पन्नासएक भावंडं तपासली आहेत. कारखान्यातला माणूस दिवसाला शंभर ब्लॉक ठोकायचा. त्याचा एक आकडा वर, एक खाली, एखादा तिरका. हा नंबर फार सरळ आहे. पट्टी लावून, जीव ओतून ठोकलेला आहे. हे चोराचं काम वाटत नाही हो मला. कारागिराचं आहे."

माझे हात पदराखाली होते, ते तिथेच ठेवले.

मग त्यांनी विचारलं, "कोणी केलं असेल, काही कल्पना?"

मुलानं क्षणाचाही वेळ घेतला नाही. "माझ्या काकांनी. अकरा वर्षं झाली. ते तेव्हा इथेच होते. त्यानंतर ते गेले."

भिंगवाल्यांनी वहीत लिहिलं. मला म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी डॉक्टरांना घेऊन येतो. तुम्हाला जे माहीत आहे ते लिहून सही करून द्या. इंजिन कधी बदललं, कोणी बदललं. गाडीच्या इतिहासात ते कायमचं राहील, म्हणून नीट आठवून लिहा."

ते गेल्यावर मी मुलाला म्हटलं, "काकांचं नाव घ्यायची घाई काय होती?"

"मग कोणाचं घेऊ? आई, काकांचं नाव तसंही गेलेलंच आहे. फाटक्या सदऱ्याला आणखी एक भोक पडलं तर काय होतं? गॅरेजच्या पाटीवर बाबांचं नाव आहे. ते तरी स्वच्छ राहू दे."

भावजी, त्याला तुमचा राग नाही. त्याला जे सांगितलं गेलं, ते तो बोलतो. खरं म्हणजे त्याला काहीच सांगितलं गेलं नाही. आम्ही गप्प राहिलो आणि त्यातून त्यानं ते उचललं.

मीही गप्प राहिले. काल, दुसऱ्यांदा.

वहिनी


सोमवार, २३ फेब्रुवारी

भावजी,

आज हालहवाल विचारत नाही. दुपारची वेळ आहे, गॅरेजात मुलगा आणि एक गिऱ्हाईक हुज्जत घालतायत, त्यांचा आवाज इथे स्वयंपाकघरात येतोय. मला हे एका बैठकीत लिहायचं आहे. उठले तर पुन्हा बसणार नाही.

ती पट्टी मी धरली होती. इंजिन बदललेलं आहे हे मला पहिल्या पत्राच्या आधीपासून ठाऊक होतं; ते उघडं पडेल का, एवढंच तुमच्याकडून काढून घ्यायचं होतं.

तुम्ही धाकटीला आणायला तिच्या माहेरी गेला होतात तो रविवार. गॅरेजचं शटर आतून बंद. ब्लॉक टेबलावर. ह्यांनी दोन तास कानस चालवली होती. मला हाक मारली आणि म्हणाले, "ही स्टीलची पट्टी इथे दाबून धर. हलू देऊ नकोस." एका हातात आकड्याचा पंच, दुसऱ्या हातात हातोडी. डोळे तेव्हाच अधू झाले होते, म्हणून आकडा मी वाचायची आणि हे ठोकायचे. चार. शून्य. एक. प्रत्येक ठोक्याला पट्टी माझ्या बोटांत थरथरायची. सात आकडे झाल्यावर त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सरळ आलं." तेवढ्यापुरतं तोंडावर समाधान होतं. आयुष्यात त्यांनी वाकडं काही केलं नव्हतं, तर खोटंसुद्धा सरळ केलं. मग स्टुलावर बसले आणि जेवायला उठलेच नाहीत.

झालं असं होतं. डॉक्टरांच्या गाडीचा रेडिएटर दुरुस्तीला काढलेला, इंजिनात पाणी नाही. त्या रविवारच्या काही दिवस आधी, एका सकाळी डॉक्टर रस्त्यानं जाताना थांबले आणि म्हणाले, "मिस्त्री, जरा आवाज ऐकवा की, वडिलांची आठवण येते." ती गाडी त्यांच्या वडिलांनी कोरी घेतलेली, तुम्हाला माहीतच आहे. ह्यांनी इंजिन सुरू केलं. डॉक्टर बोलत राहिले, बालपणाचं, वडिलांचं. हे ऐकत राहिले. ब्लॉक तापून तडकला. डॉक्टर गेल्यावर ती चीर दिसली, सिलिंडरपासून थेट कडेपर्यंत. नवशिक्यानं करावी अशी चूक. पस्तीस वर्षं हेच काम केलेल्या मिस्त्रीनं.

सांगितलं असतं तर डॉक्टर रागावले असते आणि विसरले असते. पण "माझ्या हातून तुमच्या वडिलांचं इंजिन गेलं" हे वाक्य ह्यांच्या तोंडातून निघेना. भंगारवाल्याकडे तसलाच ब्लॉक मिळाला. पुढचं तुम्हाला आता कळलंच.

आणि मग दोन वर्षांनी डॉक्टर ते भंगारवाल्याचं बोलणं घेऊन आले. "तुमच्याकडच्या एका मिस्त्रीनं माझ्या गाडीसारखा ब्लॉक नेला म्हणे, तो कशासाठी?" असं विचारू लागले. तो दिवस तुम्ही विसरला नसाल, पण मी कुठे उभी होते ते लिहिते. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. डॉक्टर ह्यांना म्हणाले, "तुम्ही असं करणार नाही, मला खात्री आहे. पण तुमच्या भावाला जुन्या सामानाचा नाद आहे. मूळ इंजिन त्यानंच कुठे विकलं असेल." आणि ह्यांनी मान खाली घातली. 'हो' म्हणाले नाहीत. 'नाही'ही म्हणाले नाहीत.

तुम्ही आधी ह्यांच्याकडे पाहिलंत. मग माझ्याकडे. मला वाटतं तुम्हाला तेव्हाच सगळं कळलं. मी ट्रेकडे बघत राहिले. तुम्ही आपली हत्यारांची पेटी उचललीत आणि निघालात. चहा पाच कप होता, एकही कोणी घेतला नाही.

सगळं गाव तुम्हाला 'वाकडोबा' म्हणायचं. तुम्ही रंगवलेली नंबरप्लेट उतरणीला लागलेली असायची. तुम्ही भिंतीत खिळा मारला की चित्र मान तिरकी करून बघायचं. हेच हसून म्हणायचे, "ह्याला फूटपट्टी दिली तर तीही वाकेल." डॉक्टरांच्या गाडीवर तो सरळ नंबर असताना तुमच्यावर आळ आला आणि आमच्यापैकी एकालाही हसू आलं नाही की लाज वाटली नाही.

मी का बोलले नाही? पुष्कळ दिवस मी मला सांगत होते, की नवऱ्याच्या शब्दाबाहेर कशी जाऊ. ते खरं नाही. हे मला कधी धाकात ठेवणारे नव्हते, तुम्ही पाहिलंय. खरं असं, की लोकांसमोर त्यांचं खाली गेलेलं डोकं मला बघवलं नसतं. तुमचं जाणं बघवलं. हिशेब इतका साधा आणि इतका वाईट होता.

नंतर आम्ही दोघं त्यावर एकदाच बोललो. शेवटच्या आजारात. हे म्हणाले, "धाकट्याला लिही." मी म्हटलं, "काय लिहू?" त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मीही पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं आता वाटतं. त्यांच्या शेवटच्या दिवशी तुम्ही फाटकाबाहेर, समोरच्या झाडाखाली उभे होतात. मी खिडकीतून पाहिलं. आणि हाक न मारता आत वळले.

अजून एक. मूळ ब्लॉक ह्यांनी टाकला नाही. टाकवला नाही. मागच्या अंगणातलं पाण्याचं पिंप ज्यावर ठेवलंय तो लोखंडी ठोकळा म्हणजे तोच. नंबर भिंतीकडे आहे. तेरा वर्षं मी त्यावरून रोज पाणी काढते.

शुक्रवारी ते लोक येणार आहेत. मला काय करायचं ते ठाऊक आहे, पण करीन की नाही ठाऊक नाही. इथे मी एक ओळ लिहिली होती आणि खोडली, तुम्हाला खोडलेल्या रेघेखालून दिसेल. "तुम्ही म्हणाल तसं करते" अशी ती ओळ होती. म्हणजे पुन्हा ओझं तुमच्याच डोक्यावर. तेवढं तरी नको.

ह्याला उत्तर पाठवू नका. शुक्रवारच्या आत आलं तर मी त्याच्या आड लपेन.

वहिनी


शनिवार, २८ फेब्रुवारी

प्रिय भावजी,

काल अकरा वाजता आले. डॉक्टर काठी टेकत, त्यांची मुलगी दंडाला धरून, मागे भिंगवाले. मुलानं खुर्च्या पुसून मांडल्या होत्या आणि माझ्यासाठी एक कागद टाइप करून आणला होता. खाली फक्त सही करायची. त्यात तुमचं नाव दोनदा होतं. मी तो वाचला आणि चष्म्याच्या डबीखाली ठेवला.

मुलाला म्हटलं, "अंगणातलं पिंप रिकामं कर."

"आत्ता? आई, लोक बसलेत."

"म्हणून तर. कर."

तो चिडला, पण त्यानं पाणी ओतलं. पिंप बाजूला झालं. मी म्हटलं, "आता तो ठोकळा फिरव." त्यानं पहार घातली. ठोकळा हलला, खालून गोमा पळाल्या. भिंतीकडची बाजू उन्हात आली. भिंगवाले कधी गुडघ्यावर बसले ते मला दिसलंच नाही. ब्रशनं गंज काढत ते एकेक आकडा मोठ्यानं वाचत होते आणि डॉक्टरांची मुलगी कागदाशी ताडून "बरोबर" म्हणत होती. तिसरा आकडा वर गेलेला, पाचवा बाकीच्यांच्या पायाशी बसलेला. कापल्याच्या रेघा गंजातूनही दिसत होत्या.

भिंगवाले म्हणाले, "हा खरा."

डॉक्टर म्हणाले, "मग हा इथे कसा?"

मी उभ्या उभ्याच सांगितलं. तुम्हाला लिहिलं तेच, त्याच क्रमानं, पट्टीसकट. डॉक्टरांनी चिरेवर बोट ठेवलं आणि वरून खालपर्यंत नेलं.

"म्हणजे मीच त्यांना बोलत बसवलं होतं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "तुम्ही फक्त वडिलांची आठवण काढलीत. पाणी बघायचं काम मिस्त्रीचं."

मग त्यांनी काठीवर हनुवटी टेकली. "आणि मी एका माणसाला अकरा वर्षं चोर म्हणत आलो," ते म्हणाले. "माझ्या घरी, माझ्या मित्रांत. तुम्ही ट्रे घेऊन उभ्या होतात."

"होय," मी म्हटलं. "उभी होते."

त्यांनी मला क्षमा केली नाही आणि दोषही दिला नाही. गाडी घेऊन जातो म्हणाले. हा ठोकळाही सोबत नेतो म्हणाले, वडिलांचा आहे. घेणाऱ्या गृहस्थांना खरं सांगणार आहेत, मग त्यांनी गाडी घ्यावी की न घ्यावी. तुमचा पत्ता मागत होते. मी म्हटलं, आधी माझं पत्र जाऊ दे, मग देते.

मुलगा सगळं संपायच्या आधीच बाहेर निघून गेला. जेवायला आला नाही. संध्याकाळी आला, हात धुतले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबांनी असं का केलं हे मला समजतं. तू का केलंस हे नाही समजत." आज सकाळी त्यानं टाइप केलेला तो कागद फाडला, तुकडे चुलीशेजारी टाकले आणि विचारलं, "काकांना कळवलंस?" मी म्हटलं, "लिहिते आहे." म्हणाला, "लिही, की मला त्यांच्याशी बोलायचंय. पण आज नको. आज मला बाबांचाच राग येतोय, तो आधी निवू दे." तसं लिहिलं.

भावजी, मी ह्यांच्यावर कमी माया करते असं समजू नका. आज सकाळीही दोन कप मांडले. पण मेलेल्या माणसाला झाकायला जिवंत माणसाची चादर ओढून घेणं, ते आता माझ्यानं झालं नाही. इतकंच.

सोबत माझ्या जबानीची प्रत आहे. भिंगवाल्यांनी आणि डॉक्टरांनी साक्ष म्हणून सह्या केल्यात. ती जपून ठेवा आणि ज्याला दाखवायची त्याला दाखवा. धाकटीला आधी. मुलींना त्यांच्या वडिलांबद्दल कोणी काही बोललं असेल, तर त्यांनाही.

तुमच्याकडे माफी मागत नाही. मागितली की समोरच्याला ती द्यावी लागते, आणि तुम्ही ह्या घराला न मागता पुष्कळ दिलं आहे. फाटक उघडं आहे. यायचं की नाही, कधी, हे सगळं तुमचं.

जबानीवर सही करताना नात्याच्या रकान्यात काय लिहू, असं मी भिंगवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, "जे असेल ते." तिथे मी ह्यांची पत्नी असं लिहिलं. इथे काय लिहू ते मला ठरवता येत नाही, म्हणून तुमच्यावर सोडते.

ह्यांची बायको,
आणि तुम्ही अजून मानत असाल तर, तुमची
वहिनी